फिशटँकमधली नीरब्राह्मी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीत पहिल्यांदाच जिवंत झाडं लावायची म्हणणाऱ्यांना मी नीरब्राह्मी सुचवते. इवलीशी जाड पानं, सरळ वाढणारी काडी, आणि आपल्याकडच्या पाण्याची नि हवेची तिला जन्मापासून सवय. दुकानदार तिच्यासोबत निम्मं दुकान गळ्यात मारायला बघतात. त्यातलं बहुतेक काही लागत नाही.

ही औषधातली ब्राह्मीच ना? दुकानात काय म्हणून मागायची?

हो, तीच. शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी. मत्स्यालयाच्या दुकानात ‘बकोपा’ म्हटलं की कळतं, पण पुढे ‘मोनिएरी’ म्हणायला विसरू नका. नाहीतर बहुतेक वेळा बकोपा करोलिनियाना हातात पडते. ती अमेरिकेतली. पानं मोठी, काडीवर बारीक लव, आणि पान चुरगळलं की लिंबासारखा वास. ती वाईट नाही, पण लहान टाकीत अंगावर येते. नीरब्राह्मीची काडी गुळगुळीत असते, पान सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळतं, समोरासमोर जोडीनं आलेलं. चुरगळून काही खास वास येत नाही.

रोपवाटिकेत नुसतं ‘ब्राह्मी’ मागितलंत तर आणखीच वेगळा प्रकार होतो. तिथे बहुतेक वेळा मंडूकपर्णी मिळते. गोल, कातरलेल्या कडेचं पान आणि प्रत्येक पानाला लांब देठ. कुंडीत ती छान वाढते, पाण्याखाली रमत नाही.

गावाकडे ओढ्याच्या कडेला ढीगभर उगवते. तीच आणली तर?

आणा की! भातखाचरांचे बांध, तळ्याचे काठ, पाझराची जागा, जिथे जमीन वर्षभर ओली राहते तिथे ती जमिनीसरपट पसरलेली दिसते. खाडीजवळच्या किंचित मचूळ पाण्यातही तग धरते. मूठभर शेंडे खुडलेत तर तिथल्या वाढीला काही फरक पडत नाही. मुळासकट उपटू मात्र नका, त्याची गरजच नाही.

खरी काळजी घ्यायची ती फवारणीची. शेताला लागून असलेल्या झाडावर कीटकनाशकाचा अंश असेल तर मासे कदाचित वाचतील, कोळंबी मात्र तासाभरात उलटी होईल. शिवाय जळवा, चतुराच्या अळ्या, गोगलगायींची अंडी हे सगळं काडीला चिकटून येतं. चतुराची अळी गप्पीची पिल्लं सहज फस्त करते. म्हणून आधी वाहत्या पाण्यात धुवायची, मग लिटरमागे दोन चहाचे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवायची, पुन्हा स्वच्छ धुवायची आणि उजेडातल्या बादलीत दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची. बादलीतलं पाणी अधूनमधून बदला. दुकानातल्या काड्यांनाही हेच लागू आहे, तिथेही गोगलगायी फुकट मिळतात.

लावायची कशी?

दुकानातून जुडी येते ती बुडाशी स्पंजाची पट्टी आणि त्यावर मऊ शिसाची तार किंवा रबर गुंडाळून. ही जुडी तशीच वाळूत खोचणारे खूप आहेत, आणि झाड मेल्याची तक्रारही तेच करतात. पट्टी सोडून बघा, आतला भाग तपकिरी आणि बुळबुळीत झालेला असतो. तो कुजतो आणि कुज वर चढत जाते. तेवढा भाग कापून टाका, पांढरट हिरव्या कडक काडीपर्यंत या. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा. मुळं तिथूनच फुटणार.

मग एकेक काडी सुटी लावायची. काड्यांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर, वाळूत तीन-चार सेंटिमीटर खोल. लांब चिमट्यानं थोडी तिरकी खुपसली तर वर तरंगत नाही. जुडीनं लावलेल्या काड्यांना मधल्या भागात उजेड मिळत नाही आणि आतून पानगळ सुरू होते.

तळाला एक ते तीन मिलिमीटर दाण्याची वाळू पुरते, थर चार-पाच सेंटिमीटर. महागडी काळी माती लागत नाही. एवढंच बघा की वाळूत चुनखडी किंवा शिंपले नकोत. मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे फसफसले तर ती वाळू पाणी जड करत राहणार.

आठ दिवसांत खालची पानं पारदर्शक होऊन गळायला लागली. मेली का?

बहुधा नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याच टप्प्यावर लोक झाड उपटून टाकतात.

विक्रीसाठी ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवतात. मुळं ओल्या चिखलात, पानं हवेत. तसं वाढवलं की वाढ लवकर होते आणि शेवाळ लागत नाही. ओढ्याकाठची काडीही अशीच हवेतली. हवेतलं पान जाड असतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यावर मेणासारखा थर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते रंध्रांवाटे आत घेतं. पाण्यात बुडालं की तोच थर आड येतो, वायू आत शिरत नाहीत, पानाचं पोट भरत नाही. मग झाड त्या पानातलं कामाचं ते काढून घेतं, शेंड्याकडे पाठवतं आणि पान सोडून देतं.

म्हणून गळणाऱ्या पानांकडे बघत बसू नका, शेंडा बघा. टोकाची दोन-चार पानं ताजी हिरवी, जरा पातळ, जरा फिकट येत असतील तर झाडानं पाण्याखालची पानं करायला घेतली आहेत. दोन ते चार आठवड्यांत काडीचं रूप बदलतं. शेंडाच काळा पडून गळाला आणि काडी बोटानं दाबल्यावर लिबलिबीत लागली, तर मात्र ती गेली.

या काळात करायचं एवढंच: गळलेली पानं रोज उचला, नाहीतर ती कुजून पाणी बिघडवतात. खत वाढवू नका, काडी जागेवरून हलवू नका. मूळ धरतंय का हे बघायला उपटून पुन्हा लावणाऱ्यांचं झाड कधीच धरत नाही.

लाईट किती आणि किती वेळ?

दोन फुटी टाकीला (२ × १ × १ फूट, म्हणजे साधारण ५५ लिटर) १५ ते २० वॉटचा पांढरा एलईडी भरपूर झाला. सुरुवातीचे तीन-चार आठवडे सहा तास, झाड लागल्यावर आठ तास. दहा-बारा तास लाईट ठेवून झाड दुप्पट वाढत नाही, शेवाळ वाढतं. एक साधा टायमर घ्या, रोजची आठवण ठेवायची कटकट मिटते.

उजेड कमी पडतोय हे काडीच सांगते. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढतं, काडी लुकडी होऊन वर धावते आणि बुडाशी उघडी पडते. उजेड पुरेसा असेल तर पेरं आखूड आणि पानं दाट.

खिडकीचं थेट ऊन नको. लाल-निळे लाईट झाडाला चालतात, पण टाकी जांभळी दिसते. तुम्हाला ते आवडत असेल तर माझी हरकत नाही.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) लावावा लागतो का?

नाही. सिलिंडर लावलात तर वाढ झपाट्यानं होईल, पण मग उजेड आणि खतही वाढवावं लागतं आणि दर आठवड्याला कात्री घेऊन बसावं लागतं. या झाडासाठी तो खर्च मला पटत नाही. साखर-यीस्टच्या बाटलीचा घरगुती प्रकार स्वस्त आहे, पण त्यातून निघणारा वायू एक दिवस भरपूर आणि तिसऱ्या दिवशी काहीच नाही असा चालतो. या चढउतारानं शेवाळाचं फावतं.

‘लिक्विड कार्बन’ म्हणून बाटलीत मिळतं ते बहुतेक ग्लुटारल्डिहाइड असतं, म्हणजे मुळात निर्जंतुकीकरणाचं रसायन. शेवाळाला ते मारतं हे खरं, पण जास्त झालं की माशांना आणि नाजूक झाडांनाही त्रास होतो. हाताला लागू देऊ नका, वास घेऊ नका. नीरब्राह्मीला त्याची गरज नाही.

खत कोणतं घालू? शेतीच्या दुकानातलं १९:१९:१९ चालेल का?

१९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, टाकीत अजिबात नको. त्यातल्या नत्राचा बराच भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. शेतात ते ठीक, बंद पाण्यात अमोनिया माशांचे कल्ले जाळतो आणि शेवाळाला मेजवानी मिळते.

आधी एक बघा: मासे किती आहेत? दोन फुटी टाकीत दहा-पंधरा गप्पी आणि रोजचं खाणं असेल तर नायट्रेट आपोआप तयार होतं. तिथे कमी पडतं ते बहुधा पोटॅशियम आणि लोह. मासे कमी नि झाडं जास्त अशी टाकी असेल तर मग नत्रही द्यावं लागतं.

कमतरता ओळखायची ती पानाच्या जागेवरून. नत्र आणि पोटॅशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून त्यांची चणचण आधी खालच्या पानांत दिसते. जुनी पानं सबंध पिवळी पडली तर नत्र. जुन्या पानात टाचणीएवढी भोकं आणि भोवती पिवळी-तपकिरी कड असेल तर पोटॅशियम. लोह मात्र एकदा पानात बसलं की हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता शेंड्यावर दिसते: नवी पानं फिकट, पिवळसर, शिरा तेवढ्या हिरव्या. खाली बघायचं की वर, हे कळलं की बाटल्यांचे अर्धे पैसे वाचतात.

मत्स्यालयाच्या दुकानातलं तयार द्रवखत घेतलंत तर लेबलवरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरू करा. स्वस्तात करायचं तर शेतीच्या दुकानातलं पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात ते १३:०:४५, चालतं. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पोटॅशियम ४ पीपीएमच्या आसपास वाढतं. ५५ लिटरला आठवड्यातून एकदा अर्धा ग्रॅम. चमच्यानं अंदाज करू नका, सोनारकाट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या.

लोह घेताना डब्यावर ‘ईडीटीए’ आहे की ‘डीटीपीए’ ते वाचा, लोहाला पाण्यात विरघळलेलं ठेवणारी ही दोन रसायनं. पाण्याचा पीएच सातच्या वर असेल तर ईडीटीएमधलं लोह लवकर निकामी होतं, डीटीपीए जास्त टिकतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला म्हणून दुसरं बरं. आणि कोळंबी पाळली असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं किती आहे तेही बघा, कोळंबीला ते सोसत नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, नळाला पांढरे थर बसतात. जमेल का?

जमेल. जड पाणी या झाडाला छान चालतं आणि पीएच ६ ते ८ मध्ये कुठेही वाढतं. अशा पाण्यात मोली आणि गप्पी ठेवा, त्यांनाही तेच आवडतं. आरओच्या नुसत्या पाण्यात मात्र लावू नका. त्यात क्षारच उरलेले नसतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम अभावी शेंडे वाकडे येतात. मिसळायचं तर निम्मं-निम्मं. आरओतून बाहेर पडणारं सांडपाणी वाया जाऊ नये म्हणून टाकीत ओतणारे आहेत. त्यात मूळ पाण्यापेक्षाही क्षार जास्त असतात.

नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की तो बराचसा उडून जातो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घाला. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं.

एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं. झाड टिकेल?

२२ ते २८ अंश सेल्सिअस तिला सुखाचं, ३० पर्यंत कुरकुर नाही. त्याच्यावर पाणी गेलं की वाढ मंदावते, काडी मऊ पडते, पण झाडाआधी मासे हैराण होतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

चिलर घेण्याआधी पंखा लावून बघा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागला की बाष्पीभवन होतं आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तेवढा गुण येत नाही. तिथे लाईट रात्री लावणं, खोलीचे पडदे ओढणं, एअर पंप चोवीस तास चालू ठेवणं हे करावं लागतं. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान एकदम पडतं.

उडालेलं पाणी रोज भरताना बोअरचं भरत राहिलात तर क्षार साचत जातात, कारण उडतं ते निव्वळ पाणी. भरण्यापुरतं आरओचं किंवा गोळा केलेलं पावसाचं पाणी वापरा.

छाटणी कधी आणि कशी?

काडी पृष्ठभागाच्या चार बोटं खाली आली की. पेराच्या जरा वर धारदार कात्रीनं कापा. बोथट कात्रीनं काडी चेंगरते आणि काळी पडते. आठवडाभरात कापलेल्या जागेखालच्या पानांच्या बगलेत दोन हिरवे ठिपके दिसतात, तेच फुटवे. एका काडीच्या दोन होतात, पुढच्या खेपेला चार.

दोन-तीनदा असं झालं की बुंधे जून होतात, खाली पानं उरत नाहीत. तेव्हा उलटं करायचं: जुने बुंधे उपटून टाकायचे आणि वरचे हिरवेगार शेंडे त्याच जागी लावायचे. झाडाचा उत्तम भाग तोच, आणि लोक नेमका तोच फेकतात. शेंड्याला पेरापाशी पांढरे धाग्यासारखे कोंब दिसत असतील तर ती मुळं आहेत, चार-आठ दिवसांत धरेल.

पानांवर शेवाळ बसतंय.

लाईट सहा तासांवर आणा, खाणं निम्मं करा, दोन आठवडे थांबा. नीरब्राह्मी सावकाश वाढणारी असल्यानं खालच्या पानांवर थोडं शेवाळ येतंच, ती पानं खुडून टाका. केसाळ शेवाळ जुन्या दातघासणीवर गुंडाळून निघतं. मोली ते आवडीनं खातात.

शेवाळावर उपाय म्हणून दुकानात ‘सकर’ मासा देतील. घेऊ नका. दोन इंची दिसतो तो फूटभराहून मोठा होतो, शेवाळाचा नाद सोडतो आणि झाडं उखडतो. मग तो नदीत सोडला जातो, आणि तिथे तो देशी माशांच्या जिवावर उठलेला आहे.

कोणते मासे चालतील?

गप्पी, मोली, प्लॅटी, टेट्रा, रासबोरा, कोळंबी. पान जरा कडू असल्यामुळे तोंड लावणारे कमी, तरी गोल्डफिश आणि सिल्व्हर डॉलर कशालाच सोडत नाहीत. बरेच सिक्लिड खात नाहीत, पण खड्डे खणून काड्या उपटतात.

हिचा हिरवा गालिचा होतो का?

फोटोतल्यासारखा नाही. भरपूर उजेडात आडवी पसरते, ‘कॉम्पॅक्ट’ नावाचा बुटका प्रकारही मिळतो. पण हट्ट गालिच्याचाच असेल तर मोंटे कार्लो लावा आणि सीओटूची तयारी ठेवा. नीरब्राह्मी मधल्या किंवा मागच्या रांगेतली.

फुलं येतात का?

पाण्याखाली नाही. शेंडे पाण्याबाहेर येऊ दिलेत तर पाच पाकळ्यांची पांढरी-फिकट जांभळी छोटी फुलं येतात. बाल्कनीत एका घमेल्यात माती-पाणी घालून दोन काड्या खोचून ठेवा. फुलंही बघायला मिळतील आणि टाकीत काही बिनसलं तर बियाण्याची सोय राहील.

मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातोय. काय करू?

जायच्या चार दिवस आधी छाटणी आणि पाणी बदलणं उरका. आदल्या दिवशी नको, काही बिघडलं तर बघायला वेळ हवा. टायमर सहा तासांवर, खत बंद, टाकी काठोकाठ भरलेली. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. त्यानंतरसाठी शेजाऱ्यांना सांगणार असाल तर खाण्याच्या पुड्या बांधून द्या, एका दिवसाची एक. डबा देऊ नका, शेजारच्या काकू मायेनं मूठभर टाकतात. वीज गेली तर झाडांना काही होत नाही, पण रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप लावून जा.

टाकीतली ब्राह्मी चटणीत किंवा तेलात घातली तर?

नको. माशांची औषधं, तांब्याची द्रावणं, खतं हे सगळं त्या पाण्यात आहे. शिवाय ही वनस्पती पाण्यातले कॅडमियम, तांबं यांसारखे जड धातू शोषून अंगात साठवते. खायची असेल तर स्वच्छ मातीत वेगळी कुंडी करा, आणि औषध म्हणून घ्यायची असेल तर वैद्यांना विचारा.

जास्तीच्या काड्यांचं काय करू?

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या तर दोन-तीन दिवस सहज टिकतात, पुण्याहून कोल्हापूरला बसनं पाठवता येतात. मत्स्यालयाची काही दुकानं बदल्यात खाणं देतात. उरलेल्या उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा. नदी-नाल्यात टाकू नका. नीरब्राह्मी इथलीच असली तरी तिच्यासोबत टाकीतल्या परदेशी गोगलगायी आणि इतर झाडांचे तुकडे जातात. मुळा-मुठा, पंचगंगेत जलपर्णी दरवर्षी कशी माजते ते आपण बघतोच, तीही शोभेचं झाड म्हणूनच देशोदेशी पोचली होती.